भिंतीवरची मण्यार

पोंभुर्ण्याजवळच्या एका शाळेत माझं चौथं वर्ष होतं. मुख्याध्यापकांनी चंद्रपूरच्या सायबर कॅफेतून सापांचे सहा रंगीत फोटो छापून आणले, वर ‘आपले बिनविषारी साप’ असा मथळा लिहिला, इंग्रजी नावांखाली मराठी नावं लिहिली आणि तो कागद स्वतः व्हरांड्यात चिकटवला. गावात तोवर कुणाकडे कम्प्युटर नव्हता. तळाशी छापलेला वेबसाइटचा पत्ता पाहूनच आम्ही सगळ्या शिक्षकांनी तो खरा मानला. मीही.

पोरांनी मथळा मोठ्यानं वाचला तशी खिचडी शिजवणारी बाई बाहेर आली. तिच्या घरचे तलावात मासे धरत. पदराला हात पुसत ती तिसऱ्या फोटोपुढे थांबली.

“मॅडम, हे तं मण्यार होय. बिनविषारी काऊन म्हणून राह्यले?”

“खाली कवड्या लिहिलंय, तो बिनविषारी असतो,” मी म्हणाले.

“लिवलं असन. माह्या भावाले हेच डसली. भुईवर निजला होता. सकाळी उठलाच नाई.”

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते हसले. “जगभरचे लोक ती वेबसाइट पाहतात, मॅडम. अन् तुम्ही खिचडीवाल्या बाईचं ऐकून राह्यल्या!”

शनिवारी सकाळची शाळा सुटताच मी चंद्रपूरची एसटी धरली. कॅफेत बसून ती वेबसाइट उघडली. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, साप कुठे पाहिला तेही नाही. कडेला मात्र ताईत आणि अंगठ्यांच्या जाहिराती. तोच फोटो, तोच मजकूर आणखी तीन ठिकाणी सापडला. चौघं सांगतात म्हणजे खरंच असेल, असं वाटून मी उठणारच होते. तेवढ्यात दिसलं, चारही ठिकाणी स्पेलिंगची तीच एक चूक होती. एकानं लिहिलं होतं, तिघांनी उचललं होतं.

मग एका सर्प-अभ्यासकाचं पान मिळालं. त्यावर त्याचं नाव होतं, त्यानं कुठे काम केलं ते होतं, आणि नक्की काय पाहायचं तेही. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे मानेच्या बरेच मागे सुरू होतात, बहुधा जोडीजोडीनं, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. पडद्यावरच्या फोटोतले पट्टे मी बोट ठेवून तपासले. फोटोतले पट्टे मी बोट ठेवून तपासले. बाई बरोबर होती.

सोमवारी प्रार्थनेआधी, पोरांसमोर, मी तो कागद ओढून काढला.

“कुणाला विचारून?” मुख्याध्यापक ओरडले.

“कुणालाच नाही,” मी म्हणाले. कागद मी सोडला नाही.

दुपारी लेखी खुलासा मागितला गेला. मी दोन पानं लिहिली, पुस्तकातलं चित्र हातानं काढून जोडलं आणि शेवटी लिहिलं : ‘ही पोरं धानाच्या बांधावर अनवाणी चालतात आणि भुईवर निजतात. हा कागद पुन्हा लावल्यास मी पुन्हा काढीन.’ साक्षीदार म्हणून खिचडीवाल्या बाईनं स्वतःहून अंगठा उमटवला.

कागद परत लागला नाही. चूक मात्र कुणी कबूल केली नाही, आणि माझी बदली होईपर्यंत मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतंच बोलले. माझं काही अडलं नाही.