गावाच्या नावाने

ऐंशीच्या दशकात आमचं विद्यापीठ परदेशी अभियंत्यांच्या मदतीने बेळगावच्या आसपासच्या गावांत हातपंप बसवत होतं. मी त्या योजनेत सहायक होतो. प्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा आमच्या सरांना मिळणार, असं मी धरूनच चाललो होतो. बेळगुंदीतले सगळे पंप त्यांनीच उभे केले होते. सर बौद्ध होते.

निवडीच्या बैठकीत मी टिपणं घ्यायला बसलो होतो. गावातर्फे बेळगुंदीचे एक म्हातारे शेतकरी बोलावले होते. मुलाखत देऊन सर बाहेर गेल्यावर अध्यक्ष हळहळत म्हणाले, "माणूस हुशार आहे. आम्ही काही मानत नाही हो, पण गावातले लोक यांना स्वीकारणार नाहीत."

म्हातारे चमकले. "कुठलं गाव म्हंतायसा? पंप बसवताना ह्ये सर आमच्यातच जेवत हुते की. सुनंच्या हातची आमटी मागून घ्यायचे."

"आप्पा, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही. आम्ही गावाचाच विचार करतोय."

"आन् म्या कोण हाय? इचारा की मला!"

सगळे हसले. चहा आला, आणि जागा अध्यक्षांच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकांना गेली. त्यांनी बेळगुंदीचा रस्तासुद्धा पाहिला नव्हता.

मग सरांना आत बोलावून अध्यक्ष म्हणाले, "नव्या प्रमुखांना जरा गावं दाखवा. तुम्हाला तिथे मान आहे."

मला शिसारी आली. त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती.

म्हातारे चहा तसाच ठेवून उठले. "सर, त्या नव्या सायबास्नी आमच्याकडं आणू नगा. तुमास्नी गाव घेत न्हाय म्हणून ह्ये अध्यक्ष आमच्या नावानं खोटं बोलल्यात."

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. "मग गावं तुम्हीच दाखवा," ते म्हणाले.