पहारा बदलायची घंटा

माझा बाप अमीनसाहेबाच्या हौदात पाणी भरत होता. आणि मी, त्याचा सरकारी नोकरीतला पोरगा, खांद्याला बंदूक लावून खजिन्याच्या दाराशी उभा राहून ते बघत होतो.

धोतर वर खोचलेलं. डोक्याचा पटका त्यानं कडुनिंबाखाली घडी करून ठेवला होता. नवा कोरा पटका, पाहुण्यांसमोर बसायला म्हणून मानवतच्या बाजारातून आणलेला. विहिरीवरून घागर भरायची, खांद्यावर घ्यायची, बंगल्याच्या हौदात रिकामी करायची. पुन्हा विहीर. माझ्यासमोरून जाताना तो मान वर करत नव्हता. मलाही हाक मारता येत नव्हती. पहाऱ्यावरच्या जवानानं बोलायचं नसतं, जागचं हलायचं नसतं.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. पोरीचा भाऊ पोलिसात आहे, एवढ्यावरच ते तयार झाले होते. म्हणून मी घरी असायलाच हवा होतो. बाप सकाळीच बैलगाडी घेऊन न्यायला आला. दुपारी पहारा बदलला की जा, असं अमीनसाहेबानं स्वतः सांगितलं होतं. अमीन म्हणजे आमच्या ठाण्याचा धनी. त्याचा शब्द म्हणजे शब्द, असं आम्ही समजून चालायचो.

खजिन्याच्या वऱ्हांड्यात एक पितळी घंटा टांगलेली होती. आतलं घड्याळ बघून पहारेकऱ्यानं टोले द्यायचे. टोले पडले की दुसरा जवान यायचा, बंदूक घ्यायचा, पहिला मोकळा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं.

मग पावसाळ्याच्या तोंडाला हैदराबादेहून गश्ती आली. गश्ती म्हणजे सगळ्या ठाण्यांना लागू होणारा सरकारी हुकूम. मुन्शीनं हजेरीच्या वेळी ती उर्दूत वाचून दाखवली. मला निम्मीच कळली. उरलेली आमच्यातल्या जुन्या जवानानं, हुसेनचाचानं, समजावून सांगितली. पहाऱ्याची वेळ संपल्यावर जवानाला थांबवलं, तर त्या वेळेचा जादा भत्ता द्यायचा. कायदाच झाला तसा. चाचाचे केस नोकरीत पिकले होते. त्या दिवशी बिडी ओढत तो म्हणाला, "अब हमारा बी टैम गिनते रे, बेटा."

अमीनसाहेबानं कायदा मोडला नाही. शहाणा माणूस. त्यानं घंटाच अडवली. माझ्या हुकमाशिवाय टोले द्यायचे नाहीत, म्हणाला.

घंटा झाली नाही म्हणजे पहारा संपला नाही. पहारा संपला नाही म्हणजे जादा काही झालंच नाही. मग भत्ता कशाचा? आणि ज्यानं येऊन आम्हाला सोडवायचं, तो जवान बंगल्याच्या मागं लाकडं फोडत असायचा, नाहीतर साहेबाची म्हैस धुवत. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा दुपारचा भोंगा होऊन जायचा आणि आमची घंटा गप्प. बाजारातली माणसं विचारायची, "काय जवान, सरकारचं घड्याळ झोपलं का काय?" आम्हीही हसायचो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. उभं राहून राहून पायाच्या पोटऱ्या दगड व्हायच्या. पण माणसाला कशाचीही सवय होते, तशी आम्हाला झाली.

त्या दुपारीही भोंगा होऊन गेला. बाप कडुनिंबाखाली वाट बघत होता. अमीनसाहेब जेवून हात पुसत बाहेर आला. बाप हात जोडून पुढं झाला.

"साहेब, पोराला सोडता का? दिवस कलायलाय. पाव्हणे येऊन बसतील."

साहेबानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खाली बैठा क्या है, बुढ्ढे? हौद भर दे. भरा तो घंटा होती."

बापानं पटका काढला.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. अर्धा हौद झाला असेल. विहिरीच्या वाटेवर बापाचा गुडघा धरला. घागर टेकवून तो खाली बसला आणि पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. जरा बसू का, असं तो विचारत होता. माझ्या अंगावर सरकारी कपडे होते ना! जन्म दिलेला बाप पोराकडं टेकायची परवानगी मागत होता, आणि पोराच्या हातात तेवढंही नव्हतं.

माझ्या आत काहीतरी फाटलं.

मी बंदुकीसकट वळलो. घड्याळ बघितलं. पहाऱ्याची वेळ कधीच टळून गेली होती. घंटेची मोगरी उचलली आणि टोले दिले. सगळ्या बाजाराला ऐकू जातील असे.

अमीनसाहेब धावत आला. "घंटा किसके हुकुम से?"

"घड्याळाच्या, साहेब."

मागच्या अंगणातून हुसेनचाचा आला. हातात कुऱ्हाड तशीच. त्या दिवशी मला सोडवायची पाळी त्याची होती. त्यानं साहेबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कुऱ्हाड खाली ठेवली, पट्टा बांधला आणि बंदुकीसाठी हात पुढं केला. "पहारा मेरा. तू जा."

बाप मात्र घागर उचलायला लागला. "हौद भरायचा ऱ्हायलाय, साहेब." मी त्याच्या हातातून घागर काढून घेतली.

गाडीत बसल्यावर त्यानं पटका पुन्हा डोक्याला बांधला. मग म्हणाला, "तुला काय घाई झाली हुती? थोड्याच घागरी ऱ्हायल्या हुत्या."

पाहुण्यांना बहीण पसंत पडली. पण दुसऱ्याच दिवशी माझा पट्टा काढून घेतला, नोकरी गेली, आणि ते कळल्यावर पाहुण्यांकडून निरोप आला, जमत नाही म्हणून. अमीनसाहेबानंही निरोप धाडला. दारू पिऊन घंटा मारली, असं हजेरीत सगळ्यांसमोर कबूल कर, पट्टा परत देतो.

बाप म्हणतो, "म्हण की. म्हनल्यानं काय झडतंय? लय लोकं पितेत." बहीण भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्यापायी हो म्हनू नको, दादा. अन्‌ माझ्यापायी न्हाई म्हनलं, असंबी कुणाला सांगू नको."

चाचा साक्षीला येणार नाही. त्याला लेकरंबाळं आहेत. मी त्याला बोल लावत नाही. दुसरं कुणीही येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी थकलो आहे. रात्रभर झोपलो तरी हा थकवा जात नाही.

तरी उद्या परभणीला जाणार. मोठ्या साहेबाच्या कचेरीत उभा राहणार. दारू प्यालो नव्हतो, हे सांगणार. घंटा अडवून आम्हाला जितका वेळ उभं केलं, त्याचा भत्ता मागणार. हाकलून दिलं तर परत जाणार. नोकरी त्यांची होती, ती त्यांनी काढून घेतली. वेळ माझा होता. त्याचे पैसे मी घेणार.