ठेच लागल्यावरचा शब्द

जगातला कोणताही माणूस तो सांगतो तो नसतो, यावर पुसदच्या माझ्या घरमालकांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसावा. दूधवाला, गॅसवाला, मतदारयादी घेऊन येणारे मास्तर, सगळे त्यांच्या लेखी वेषांतर करून आलेले. बँकेतल्या बदलीमुळे मी साताऱ्याहून तिथे गेले आणि वरच्या दोन खोल्या बघायला त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझं नाव-गाव काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, ठेच लागली तर तुमच्या तोंडातून काय निघते?" मी गोंधळून म्हटलं, "आई गं." त्यांनी समाधानाने मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

या साऱ्याचं मूळ एका कादंबरीत होतं. आठवडी बाजारातल्या रद्दीत त्यांना मिळालेली, कुठल्याशा परदेशी पुस्तकाचं भाषांतर असलेली. मुखपृष्ठ आणि पहिली पानं गेलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव कळत नाही, लेखकाचंही नाही, आणि काकाजींना, म्हणजे आमच्या घरमालकांना, नेमकं तेच आवडायचं. काळ महायुद्धाचा. बर्फाने वेढलेलं डोंगरावरचं एक भलंमोठं घर, विमानांच्या भीतीने खिडक्यांना लावलेलं काळं कापड, आत एक म्हातारी आणि तिची चार नातेवाईक मंडळी. एके दिवशी तोंडाला पट्ट्या बांधलेला जखमी सैनिक दारात येतो आणि मी तुझा मुलगा म्हणून सांगतो. दोनशे पानं तो त्या घरात राहतो, जिन्यावर पावलं वाजतात, बंद खोलीतून कण्हणं ऐकू येतं. शेवटी दिवा कलंडतो, त्याचा हात भाजतो आणि तो कळवळून आईला हाक मारतो, ती नेमकी शत्रूच्या भाषेत. नातेवाईक त्याला बर्फात हाकलतात, दार लावून घेतात आणि पुस्तक संपतं.

ही गोष्ट मी काकाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मला त्या घराचा जिना आमच्या जिन्यापेक्षा पाठ झाला. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातलं ऊन पापड भाजून काढत असताना हे बाप्पा खिडक्यांना काळे पडदे लावून आत बसत आणि बर्फाचं वर्णन वाचत. लोडशेडिंग झालं की सगळी गल्ली वैतागायची, हे तेवढे खूश. ओट्यावर येऊन म्हणायचे, आता पाहा, अस्संच होतं त्या घरात. पाहुण्याला चहा द्यायचे तो मुद्दाम चटका बसेल इतका गरम, आणि कान टवकारून बसायचे. एकदा एक विमा एजंट चटका बसल्यावर "बापरे" म्हणाला, तर त्याचं गाव कोणतं यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. स्वतः मात्र चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून, अगदी कोमट करून प्यायचे. तेव्हा मला ते दातांचं दुखणं वाटलं होतं.

शेवटचं पान आलं की मात्र त्यांची गंमत संपायची. पुस्तक मिटून ते चिडायचे, आणि ते चिडणं खरं असायचं. "आईले हाक मारली म्हणून कोनी घराबाहेर काढते का? कायले काढलं त्याले?" मी म्हणायचे, काकाजी, लढाई चालू होती, तो शत्रू होता. ते पुस्तक काखेत धरून आत जायचे. माणूस एकटा, लग्न केलेलं नाही, कोणाकडे जाणं-येणं नाही, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तर फाटकालाही कुलूप. एकट्या माणसाला एखादं खूळ लागतंच, असं मी धरून चालले होते.

दाराशी रोज थांबून बोलणारी एकच व्यक्ती, भाजीवाली कमलीबाई. महागाव रस्त्यावरच्या बंजारा तांड्यावरून ती टोपली घेऊन यायची. तिचं आणि काकाजींचं बोलणं मेथीची जुडी आणि वांग्याच्या किडीपलीकडे कधी गेलं नाही. एका सकाळी ती जुड्या काढत होती आणि काकाजी पिशवी घेऊन उतरताना ओट्याच्या पायरीवरून घसरले. पाय खाली मुडपला. मी वरून धावले, पण त्याआधी गल्लीभर ऐकू गेला तो त्यांचा शब्द: "याडी!" बंजाऱ्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, एवढं पुसदला राहून मलाही माहीत झालं होतं. कमलीबाईने टोपली बाजूला सारली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच बोलीत त्यांच्याशी बोलू लागली. त्यात "भिया", म्हणजे भाऊ, हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही.

दवाखान्यात पायाला प्लास्टर लागलं. काकाजींनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, मी काय म्हनलो, मॅडम? कोनी आयकलं का? मग तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले. पोरवयात तांड्यावरून नोकरीला आले. कचेरीत कोणी बोलीवरून हसलं. आडनाव असं की गावातही चालतं आणि तांड्यावरही, म्हणून तोंड आवरलं की काम भागत होतं. लग्न ठरवायचं तर घरची माणसं समोर आणावी लागणार, म्हणून तेही केलं नाही. "माय मेली तवा रडलोबी मराठीत," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. आता गल्ली आपल्याला काय म्हणेल, हीच त्यांना धास्ती होती. गल्ली काहीच म्हणाली नाही. शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या आणि पाय कसा आहे एवढंच विचारून गेल्या.

प्लास्टरचे दिवस काकाजींनी ओट्यावर काढले. फाटक उघडं असायचं. भाजी विकून झाली की कमलीबाई पायरीवर टेकायची आणि ते तिला कादंबरी सांगायचे, त्यांच्या बोलीत. सुरुवातीला शब्द अडायचे, मग सुटले. मी वरून ऐकायचे. बोली कळत नव्हती, पण हातवाऱ्यांवरून गोष्ट कुठे आली ते समजायचं. एके दिवशी गोष्टीतला दिवा कलंडला, दार लागलं. कमलीबाईने रिकामी टोपली जवळ ओढली. मग मला वर उभी पाहून, बहुधा माझ्यासाठीच, मराठीत म्हणाली, "बुढीले पयल्या दिवसापासून ठाऊक असन, मॅडम. तो बोलत नोता, म्हनून तेबी बोलली नसन."

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसू लागले, आणि पुसतच राहिले.

पुढे माझी बदली केळापूरकडे झाली. निघताना त्यांनी मला चहा दिला. मुद्दाम गरम केलेला नव्हता, आणि त्यांनी स्वतः तो कपातूनच प्यायला. नव्या घरमालकांनी आधारकार्डाची झेरॉक्स घेतली आणि दुसरं काही न विचारता किल्ली दिली. सामान आत नेताना उंबऱ्याची मला ठेच लागली आणि आपसूक "आई गं" निघालं. मी सवयीने मागे वळून पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं.