कारखान्यातली बोली

निजामपुऱ्यातल्या अफीफाला जन्मापासून ऐकू येत नाही, पण हे तिला खऱ्या अर्थानं कळलं ते चाळिशी ओलांडल्यावर. हसू नका, खरं तेच आहे. तिचे अब्बा गुलाम हुसेन यांचा पॉवरलूमचा कारखाना घराला लागून होता, आणि लूम सुरू असताना तिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही. मालक, कारागीर, कांड्यांवर सूत भरणाऱ्या बाया, सगळे हातांनी बोलायचे. धागा तुटला, की दोन बोटं जुळवून झटकन दूर करायची. चहा, पगार, चुगल्या, मालकाची नक्कल, सगळं हातांनी. त्या गोंगाटात अफीफा चारचौघींसारखीच होती. उलट जरा जास्तच बोलकी, इतकी की अब्बा कपाळाला हात लावायचे.

मग अब्बा गेले, लूम भंगारात निघाले, कारखान्याचं गोदाम झालं. माणसं पुन्हा तोंडानं बोलू लागली आणि अफीफा एकटी पडली. अजूनही कारखाना आठवला की तिचे हात शिवशिवतात.

तिची ती बोली समजणारी एकच उरली होती. कांड्या भरणारी खदीजा, तिची जिवाची मैत्रीण, आता पडघ्याला लेकाकडे राहते. आठवड्यातून एकदा अफीफा स्कूटी काढायची आणि साठलेलं सगळं तिच्यापाशी ओतून यायची.

भाऊ तौहीद मायाळू होता, पण काळजी फार आणि धीर कमी. तो मामाकडे शिकला, कारखान्यात त्याचं पाऊल पडलंच नाही, म्हणून त्याला खुणाही येत नव्हत्या. मागे एकदा पोलिसांनी अफीफाला अडवून त्याला बोलावून घेतलं, तेव्हा ओठ सावकाश हलवत त्यानं बजावलं होतं, "आपा, पुन्हा पोलिसांचा फोन आला ना, तर स्कूटी विकून टाकीन. सच बोलतोय." तिला एकटीला बसनं पाठवणं तर त्याला त्याहून धोक्याचं वाटायचं. म्हणजे स्कूटी गेली की खदीजाही गेली.

आणि आज पडघ्याच्या वाटेवर, नाक्याच्या पुढे, एका मोटारसायकलनं तिला आडवं येऊन थांबवलं. पोलीस कोवळा होता, प्रितम नावाचा, धुळीसाठी तोंडाला फडकं बांधलेला.

"ओ मॅडम, कवाचा शिट्टी मारतोय! ऐकायला येत नाय का?"

या प्रश्नाचं अफीफाइतकं चोख उत्तर कुणीच दिलं नसतं, पण तिला दिसत होतं ते नुसतं हलणारं फडकं. लायसन्स आणि बहिरेपणाचं कार्ड काढायला ती सीट उघडू लागली. प्रितमला वाटलं, ही सटकतेय. त्यानं चावी काढून घेतली आणि आपला फोन तिच्यापुढे धरला. घरच्यांचा नंबर टाका.

ही खूण मात्र तिला लगेच कळली. फोन तौहीदला गेला, की स्कूटी गेली. नको, नको, असं सांगायला तिनं हात उचलले आणि घाबरलेल्या हातांनी आपल्या सवयीचंच सांगितलं. दोन बोटं जुळवली, झटकन दूर केली. थांब, धागा तुटलाय.

नाक्यावरून चालत येणारे हवालदार महादू जागच्या जागी थबकले.

"प्रितम, चावी दे बाईंची. हातानं बोलत्यात त्या, त्यांना ऐकू येत न्हाय. आधी तोंडावरचं फडकं काढ, समोर उभा ऱ्हा, मग इचार काय ते. आनि फोन ठेव खिशात."

प्रितमनं ओशाळून फडकं सोडलं, ओठ ठळक हलवत "सॉरी" म्हणाला, लायसन्स पाहिलं आणि परत दिलं. तौहीदला फोन गेला नाही. स्कूटी वाचली. आता अफीफानं निघायला हरकत नव्हती.

पण महादूंनी हात वर केला. कुणाचा कारखाना? त्यांची बोटं अडखळत होती.

गुलाम हुसेन यांचा. बंद पडला.

माझी आई ठकुबाई. कांड्या भरायची. घरीही आम्हाला हातांनीच दटावायची. ती गेल्यापासून, एवढं सांगून त्यांचे हात थांबले. मग त्यांनी तळव्यावर मूठ आपटली आणि खांदे उडवले. आई जेवायला बोलवायची ती खूण. पुढची अर्धी ते विसरले होते.

अफीफानं तळव्यावर मूठ आपटली, हात उघडला आणि दुरून कुणाला जवळ घ्यावं तसा छातीकडे ओढला. या, जेवण आलंय.

मागे गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. अफीफाला ते ऐकू येत नव्हते आणि महादूंना ऐकायचे नव्हते.

पुन्हा दाखव, त्यांनी हातांनी सांगितलं.