निर्धूम मारोतराव

मारोतरावांची आणि माझी पहिली भेट मी मंत्र म्हणत असताना झाली, आणि ती त्यांनी माझे मंत्र थांबवून घडवून आणली.

पवनीत नदीकाठच्या शिवमंदिरात होम चालू होता. समिधा ओलसर होत्या. सभामंडपात धूर इतका दाटला होता की यजमानांसह आम्ही सारे डोळे पुशीत होतो, आणि मागे बसलेल्या भाविकांना ती भक्तीची आसवे वाटत होती. इतक्यात एक उंच, वाळक्या अंगाचे गृहस्थ पुढे आले, कुंडापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "गुरुजी, एक मिनिट थांबा जी. हवा कमी पडून राहिली."

मी काही बोलण्याच्या आत त्यांनी चिमट्याने समिधा उचलल्या, जाळीसारख्या आडव्याउभ्या रचल्या, खाली चार बोटे पोकळी ठेवली आणि वरच्या टोकाला विस्तव दिला. पाहता पाहता धूर विरला आणि ज्वाला निरांजनासारखी सरळ उभी राहिली.

"आता म्हना," ते म्हणाले. "आता देवाले बी दिसून राहिलं असंल."

हे मारोतराव. एका औष्णिक वीज केंद्रात तेहतीस वर्षे बॉयलरवर फायरमन, म्हणजे भट्टीची आग सांभाळणारा, म्हणून राबून ते नुकतेच गावी परतले होते. कुणाच्याही दारी गेले की नमस्काराआधी त्यांची दृष्टी छपराकडे जाई. वर धूर दिसला की क्षेमकुशल राहिले बाजूला. ते सरळ चुलीपाशी जाऊन बसत. आळीतल्या बायका त्यांना येताना पाहून घाईने लाकडे मागे ओढीत.

मी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हा त्या शास्त्राचा पहिला धडा. एकदा ओसरीवर बसून मी तो मारोतरावांना मोठ्या आदराने समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मान हलवली.

"नाही जमत, गुरुजी. धूर दिसला तं तिथं फायरमन झोपला हाय असं समजा. धूर म्हंजे न जळलेला कोळसा. पुरता जळला, तं धूर कायले दिसंल?"

अनेक पिढ्यांच्या आचार्यांचा सिद्धांत एका बॉयलरवाल्याने माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पिऊन मोडीत काढला. मला राग यायला हवा होता. पण त्या रात्री मी न्यायाची पोथी पुन्हा काढून बसलो.

पुढे त्यांनीच सांगितले की दिसणारा धूर हा त्यातला गरीब. खरा धूर दिसत नाही. तो आकाशात साचतो आणि पृथ्वीला तापवतो. तो झाडांनीच गिळायचा. आपल्या देशाने २०७० पर्यंत त्याचा हिशेब शून्यावर आणण्याचा शब्द जगाला दिला आहे, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते आणि ते कात्रण देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे खोचून ठेवले होते.

"देशाचं ठीक हाय," ते म्हणत. "त्याले टाईम हाय. मी का तोवर थांबून राहतो? मले लवकर करनं लागते."

ते लवकर करायला लागले. शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवर त्यांनी झाडे लावली आणि प्रत्येकाला कशाचा धूर गिळायचा ते नेमून दिले. करंज स्कूटरचा. दोन आंबे पत्नीच्या, सुभद्रावहिनींच्या, चुलीचे. बांबूचे बेट बॉयलरच्या नावाचे, कारण बांबू थांबत नाही. एक बेल माझ्या होमांचा. मी कौतुकाने पाहायला गेलो तेव्हा तो थोडा सुकला होता.

"तूप कमी करा, गुरुजी," मारोतराव गंभीरपणे म्हणाले. "झेपून नाही राहिलं त्याले."

मागून वहिनींचा आवाज आला, "झाडं यांची, पुन्य यांचं, अन् पानी कोन टाकते? मी!"

एकदा मी विचारले, "मारोतराव, तेहतीस वर्षे कोळसा जाळला त्याचा पश्चात्ताप होतो का?"

"पश्चात्ताप कायचा? त्याच कोळशावर तुमच्या शाळेतला पंखा फिरला. माह्या पोराच्या जन्माले दवाखान्यात बत्ती होती. चोरी नाही केली मी. पन जेवलेलं ताट धुनं लागते का नाही? जेवलो मी, अन् धुवावं नातवानं?"

मी आयुष्यभर ऋणांवर प्रवचने केली. इतके स्वच्छ वाक्य मला कधी सुचले नाही.

शेवटी एकच गोष्ट उरली होती, आणि तिच्यासाठी ते माझ्याकडे आले. घाटावर ओल्या लाकडांत डिझेल ओतून, वर टायर टाकून लोक माणसाला कसे पोचवतात, हे त्यांनी पाहिले होते. "साऱ्या जन्माचं ताट धुतलं, अन् जातानी काळा धूर सोडू का? माही चिता तुमी लावाची, गुरुजी. वरून पेटवाची. शास्त्रात बसते का, ते सांगा."

मी दोन दिवस पोथ्या पाहिल्या. अग्नी मस्तकाकडून द्यावा एवढेच सापडले. ते तर त्यांच्याच सोयीचे होते. मी शब्द दिला.

तेव्हापासून गोठ्याच्या पत्र्याखाली वाळक्या फांद्या-ओंडक्यांचा ढीग उभा राहिला. वहिनी आल्यागेल्याला सांगत, "लोकं घरात धान भरतात, याइनं सरन भरलं." भाचीच्या साखरपुड्याला मात्र गॅस संपला आणि वहिनींनी त्याच ढिगातून चहा केला. पाहुण्यांसमोर मारोतराव कपबशी हातात घेऊन ओरडले, "माही अर्धी चिता तुवा चहात घातली!" व्याही मंडळींचे घोट जागच्या जागी थांबले. पुढच्या वर्षभरात त्यांनी ढीग पुन्हा भरून काढला.

श्रावणात एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घाटावर नेले, तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. घाटावरच्या पत्र्याच्या शेडपाशी कुणी टायर आणला होता, कुणी डिझेलचा डबा. त्यांचा मुलगा विनोद नागपूरहून आला होता, तो गोंधळला. "गुरुजी, हवा ओली हाय. नाही पेटली तं लोकं काय म्हनतील? थोडंसं डिझेल घेऊ का?"

"वडिलांना मी शब्द दिला आहे," मी म्हणालो. "डबा दूर ठेव."

शहात्तराव्या वर्षी धोतराचा काचा मारून मी त्यांच्याच ढिगातली लाकडे रचली. जाळीसारखी, खाली वीतभर पोकळी ठेवून. विनोदने मस्तकाकडे वरून अग्नी दिला आणि मी मंत्र सुरू केले. अर्ध्यात आलो, तोच डाव्या कोपऱ्यातून एक करडी रेघ वर निघाली. उभ्या आयुष्यात मी स्वतः होऊन मंत्र कधी थांबवले नव्हते. त्या दिवशी थांबवले.

"एक मिनिट थांबा," मी म्हणालो. "हवा कमी पडते आहे."

लांब बांबूने मी त्या कोपऱ्यातला ओंडका उचलून धरला. रेघ तुटली. ज्वाला सरळ उभी राहिली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली.

आम्ही आंघोळ करून वर चढत होतो, तेव्हा लाखांदूरचे दोन भाचे घाईघाईने समोरून आले. एस.टी.ने वेळेवर उतरले होते. स्टँडवर चहा पीत बसले.

"का जी गुरुजी, आमच्याबिगर काहून पेटवलं?" थोरला चिडून म्हणाला. "आमी नदीकडं पाहूनच राहिलो होतो. धूर कुठं दिसला? म्हटलं, टाईम हाय अजून!"

मी त्यांची क्षमा मागितली. अनुमान शास्त्राप्रमाणे होते. त्यांचा दोष नव्हता.

घरी सुभद्रावहिनी गच्चीवर उभ्या होत्या. दुपारपासून त्यांनी नदीच्या दिशेवरची नजर काढली नव्हती, असे शेजारणी म्हणाल्या. मला पाहून त्या कठड्यापाशी आल्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"गुरुजी, मले इथून काहीच नाही दिसलं. झालं का सारं बराबर?"

"झालं, वहिनी," मी खालून म्हणालो. "फायरमन जागा होता."