डासांच्या लग्नाची अक्षत

आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा केलेली भूमिका डासिणीची आहे. कोणी विचारलं की मी हे ताठ मानेनं सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. शहरातली माणसं "अय्या" म्हणून विषय बदलतात. खानदेशातल्या शाळेत शिकलेला चाळिशीचा एखादा गृहस्थ मात्र कधीमधी भेटतो आणि म्हणतो, "म्हणजे तुम्ही वरमाय? आमच्या शाळेत आला होतात." अशा वेळी मला जो आनंद होतो तो कुठल्याही नटीला झाला नसेल.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जळगावात आमचं चौघांचं पथक होतं. प्रमुख होते नाना, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. नाटक ते लिहायचे, पेटी ते वाजवायचे आणि रागवायचंही तेच. ढोलकीवाले भाऊ डाळमिलमधली पाळी संपवून यायचे, तेव्हा त्यांच्या केसांत भुसा असायचा. तिसरा एक बीएस्सी होऊन नोकरीची वाट बघत बसलेला उंच मुलगा होता. डॉक्टर, सरपंच, मास्तर अशी सगळी माणसं तोच करायचा, फक्त टोपी बदलायचा. चौथी मी. गाणाऱ्या बाईची जागा रिकामी होती आणि माझ्या नवऱ्यानं कुठेतरी बोलून टाकलं होतं की आमची ही गाते. पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर टाकून आम्ही गावोगावच्या शाळांत जायचो. शाळेचा व्हरांडा हा आमचा रंगमंच आणि हेडमास्तरांच्या टेबलावरची चादर हा पडदा.

पावसाळा ओसरला की घरोघर हिवतापाची हुडहुडी भरायची. नाटक त्यावरच होतं. नानांचा एक दंडक होता, की मुलांना उपदेश करायचा नाही. तो त्यांना घरी पोटभर मिळतो, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी डासांचं लग्न लिहिलं. मुलगा लग्नाचा झालाय आणि वरमाय, म्हणजे मी, वऱ्हाड उतरवायला गाव शोधत हिंडते आहे. मला काय हवं? साचलेलं पाणी. कुजकं, हिरवं, निवांत पाणी. माझी गाणी बायकांच्या लग्नगीतांच्या चालीवर होती. गटाराची स्तुती मी इतक्या आर्त सुरात करायचे की मागे उभ्या असलेल्या बायका हसून हसून एकमेकींवर पडायच्या.

नाटकातली खरी गंमत होती अक्षतेची. वरमाय अक्षत घेऊन प्रेक्षकांत उतरते आणि गावातल्या सगळ्यात मानाच्या माणसाला चूलबंद आवतण देते. म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. त्या माणसानं हात मागे घ्यायचा आणि म्हणायचं, "आमच्या गावात डबकं नाही, तुमचं लग्न इथं नाही." मग पोरांनी ओरडून मला हाकलायचं. नानांनी कागदावर हे छान लिहिलं होतं. पण नाना पडले पुण्याकडचे.

पहिल्याच गावात मी अक्षत पुढे केली, तसे सरपंच उठून उभे राहिले. त्यांनी टोपी सारखी केली, दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली, अक्षत कपाळाला लावली आणि खिशात ठेवून विचारलं, "मुहूर्त कोनता धरा?" नानांची पेटी बंदच पडली. दुसऱ्या गावात तेच. मग आम्ही आधी जाऊन समजावू लागलो. मंडळी मान डोलवायची, "हां हां, नको म्हनानं, समजनं," आणि आयत्या वेळी हात आपोआप पुढे यायचा. लग्नाची अक्षत परत फिरवायची म्हणजे कोणाच्या तरी मांडवावर अशुभ चिंतायचं. मग तो मांडव डासांचा का असेना.

शेवटी नाना हरले. त्यांनी तिथलं लिखाण खोडून नवीन लिहिलं, "घेतलीत ना अक्षत? मग वऱ्हाड तुमच्याच घरी उतरणार." आणि वरमाईनं पोरांना विचारायचं, की सांगा रे, यांच्या घरी पाणी कुठे साचतं? पोरं काय, टपलेलीच असायची. "रांजणमा! टायरमा! मोरीना मांगे!" सरपंचांच्या घरची सगळी डबकी पाच मिनिटांत चव्हाट्यावर. तेव्हापासून आमचं नाटक जे चाललं ते चाललं. पुढे नाना लोकांना सांगायचे की ही कल्पना माझी. आम्ही कोणी काही बोललो नाही.

आता माझं सांगते. माझं माहेर पहूरचं, सासर नरडाण्याजवळच्या एका खेड्यातलं. नवरा जळगावात पाइपच्या कारखान्यात, म्हणून आमचं बिऱ्हाड जळगावात. सणावाराला सासरी. तिथे माझे सासरे, आबा. कापूस करणारा, ताठ कण्याचा, शब्दाचा पक्का माणूस. घरात शिरताना ते फाटकाशीच खाकरायचे, म्हणजे सुनेनं पदर पुढे ओढून आत जावं. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही तिकडची जुनी रीत, आणि आबा रीतीचे. मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना सांगायचे, त्या नसल्या तर खांबाला. "चहा व्हयी का?" असं ते खांबाला विचारायचे. मी आतून कपबशी वाजवायची, म्हणजे होईल. वाईट माणूस नव्हता हो. जळगावला निघताना पिशवीत शेंगा, तूप, माझ्या आवडीची कळण्याची भाकरी बरोबर पडलेली असायची, आणि ते आबांनी सांगितलेलं असायचं. पण माझ्याशी एक शब्द नाही.

लग्न ठरताना माहेरच्यांनी कौतुकानं सांगितलं होतं की मुलगी गाते, स्टेजवर बक्षिसं मिळवलीत. आबांनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "आम्हनी वहू लोकेसम्होरे तोंड रंगाडाव नही." विषय संपला होता. पुढे मी पथकात शिरले तेव्हा नवऱ्यानं घरी सांगितलं की ही शाळांमध्ये गाणी शिकवते. खोटं नव्हतं ते, फक्त अर्धं होतं. आबांना उरलेलं अर्धं कळलं असतं तर माझं पथक त्याच दिवशी सुटलं असतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं. एसटीच्या मागच्या सीटवर बसून भाऊंच्या बोटांवर ताल धरत नवीन चाल बसवायची, यात माझा जीव होता. घरी मी कोणाची तरी कोणीतरी होते. तिथे मी वरमाय होते.

आणि मग सासरच्याच गावच्या हेडमास्तरांनी पथकाला बोलावलं.

नाना म्हणाले, तुला नको असेल तर आपण जायचंच नाही. मी आधी नकोच म्हटलं. पण त्या भाद्रपदात सासूबाई तापानं फणफणल्या होत्या. मी आठवडाभर त्यांच्या उशाशी होते आणि गोठ्यामागची ती दगडी डोणी बघत होते. पूर्वी गुरं तिच्यात पाणी प्यायची. कड फुटल्यापासून ती तशीच पडलेली, वर शेवाळ, आत वळवळणाऱ्या अळ्या. गावोगावच्या पोरांना मी जे गाऊन सांगत होते ते माझ्या सासूच्या खाटेपासून दहा हातांवर होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांच्या बापाच्या हातची आहे ती. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगतो." माझ्या नवऱ्याचं हे आवडतं क्रियापद. त्यानं सांगितलं नाही, कारण तोही आबांना टरकून होता.

मला राग आला की मी शहाण्यासारखी वागत नाही. मी नानांना म्हटलं, जाऊ. मुखवटा आहे ना तोंडावर. नवऱ्याला सांगितलं. "तुझं तू बघ बाई," असं म्हणून तो त्या दिवशी न चुकता कारखान्यात गेला.

मुखवटा नानांनीच केलेला, वर्तमानपत्राचा लगदा आणि मेथीच्या खळीचा, पुढे हातभर सोंड. अंगात काळा सदरा-लेंगा, पाठीला जुन्या पातळाचे पंख. मी वर्गखोलीतून फटीनं पाहिलं. पटांगणात सगळी शाळा बसलेली, भिंतीशी बाया उभ्या, आणि पहिल्या ओळीत खुर्चीवर शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून आबा, हातात काठी. भाऊंनी ढोलकीवर थाप मारली आणि मी गेले.

पहिलं गाणं मी कसं म्हटलं ते मला माहीत नाही. प्रत्येक ओळीला वाटत होतं, आता आबा उठतील, आवाज ओळखतील. कडवं संपता संपता माझ्या डोक्यात आलं, की ओळखतील कसे? त्यांनी माझा आवाज ऐकलाच नव्हता. इतक्या वर्षांत मी त्या घरात जेवण केलं, आजारपणं काढली, आणि त्या माणसाला माझा आवाज माहीत नव्हता. मला एकदम सुटल्यासारखं झालं, आणि मुखवट्याच्या आत रडूही आलं.

पण सुटल्यासारखं जास्त झालं. मी अशी काही खुलले की नानांना पेटीवर मला गाठता येईना. अक्षत घेऊन मी तडक आबांपुढे गेले. "आबा, मुलाचं लग्न काढलंय. चूलबंद यायचं."

आबांनी काठी गुडघ्यांत धरली, ओंजळ पुढे केली, अक्षत कपाळाला लावली. सगळं रीतीप्रमाणे. मग त्यांनी रीतीप्रमाणेच विचारलं, "कोन गावनी वरमाय शेस तू?"

"गटारपूरची."

पोरं खिदळली. आबांच्या मिशीतही काहीतरी हललं. माझ्याशी बोलत होते ते! आता मी पोरांना विचारायचं होतं की यांच्याकडे पाणी कुठे साचतं. पण आबा समोर, माझ्याकडे बघताहेत, आणि माझ्या पोटात सबंध भाद्रपद साठलेला. पोरांनी तोंड उघडायच्या आधीच मी म्हटलं, "वऱ्हाड तुमच्या गोठ्यामागच्या डोणीत उतरवते आबा. कड फुटलीय, पण पाणी काय हिरवंगार! तुमच्या घरात माणूस तापानं फणफणतं, ते आमच्याच आशीर्वादानं."

बोलून गेले आणि कळलं. ती डोणी रस्त्यावरून दिसत नाही. घरच्यांखेरीज तिकडे कोणी जात नाही.

आबांच्या मिशीतलं हसू गेलं. त्यांनी मुखवट्याकडे निरखून बघितलं. "डोनीनं तुले कोनी सांगं?" त्यांनी हळूच विचारलं. भाऊंनी संकट ओळखून ढोलकीचा असा काही कडकडाट केला की पोरं ओरडत उठली आणि नाटक पुढे सरकलं. उरलेला वेळ मी आबांच्या बाजूला पाठ करून काम केलं. शेवटच्या गाण्याच्या वेळी खुर्ची रिकामी होती.

ट्रंक भरताना मी ठरवून टाकलं. मिळेल ती एसटी धरायची आणि नवऱ्याला सांगायचं, की संपलं सगळं. तेवढ्यात हेडमास्तर आले. अध्यक्षांनी निरोप पाठवलाय, पथकानं त्यांच्या घरी जेवून जायचं आहे. नानांनी माझ्याकडे पाहिलं. जेवायला नाही म्हणायची सोय त्या गावात कोणालाच नव्हती.

मी तोंड धुतलं, पातळ नेसले, पदर कपाळाखाली ओढला आणि पुरुषमंडळी पुढच्या दारानं गेली तशी मागून गोठ्याच्या बाजूनं शिरले. डोणी पालथी पडली होती. आजूबाजूला चिखल झाला होता आणि तिच्याखालची वर्षानुवर्षं दडलेली माती उन्हात वाळत होती. पहार तिथेच भिंतीला टेकवलेली.

सासूबाई चुलीशी होत्या, शेवभाजीला फोडणी देत होत्या. त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. मी पीठ मळायला बसले. बाहेर नानांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. मी पदर आणखी ओढला आणि उठून आत जाऊ लागले.

"थांब," आबा म्हणाले.

सासूबाईंचा हात कढईवर थांबला. आबा सासूबाईंकडे बघत नव्हते, खांबाकडेही नाही. त्यांच्या धोतराला चिखल लागलेला होता.

"त्या सोंगमा तुन्हा आवाज दबास," ते मला म्हणाले. "मांगे बठेल पोरेसले आयकू येस नही. आतेपाईन तोंड उघडं ठेईसन म्हनत जाय."

मी पदराआडून "बरं आबा" म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही. ते दारातच उभे राहिले, आणि मला पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं.