कापूस वेचायचा शर्ट

इस्त्रीखाली तापलेल्या सुती कापडाचा वास आला की मला धुळ्यातल्या कॉलेजचं ते प्रदर्शन आठवतं. फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आम्हाला घरातला परंपरेचा एक कपडा आणायला सांगितला होता. बाकीच्या मुलींनी पैठण्या आणल्या. आमच्याकडे तसं काही नव्हतं, म्हणून कापूस वेचताना आई साडीवर घालते तो वडिलांचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट मी मागितला. “हाऊ ते फाटेल शे बाई, लोके हसतीन,” म्हणत तिने तो दिला. मी तो इस्त्री करून प्रदर्शनात मांडला. कुणी हसलं नाही. “खरं डिझाइन तर हे आहे,” मॅडम म्हणाल्या. आठ दिवस सगळे त्या शर्टाचे फोटो काढत होते आणि मी बाजूला उभी होते; तो कोण घालतं, हे कुणी विचारलं नाही. मधल्या रविवारी शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी गेले, तर वाळल्या बोंडांनी आईचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते. दुसरा शर्ट नव्हता, म्हणून ती तशीच वेचायला जात होती. “मॅडमले आवडना का?” तिने विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. आता कोणताही कपडा कागदावर उतरवताना मी आधी मनगटापर्यंतच्या बाह्या रेखाटते.